निम्म्यावर ठेवायची वस्तू

मे महिना हा आमच्या घरात साठवणीचा महिना असतो. गहू उन्हात घालून कोठीत जातो, डाळींना हवा दाखवली जाते, तिखट-मसाला कुटून बरण्या भरल्या जातात आणि थंडीतल्या रजया व स्वेटर उन्हे देऊन, कडुनिंबाच्या पाल्यासह वर ठेवले जातात. पावसाळ्याची बेगमी हा शब्द आता पुण्यातल्या फ्लॅटमध्ये फारसा ऐकू येत नसला, तरी ती करण्याची सवय माझ्या हातांना आहे. मागच्या मे महिन्यात याच कामासाठी मी मुलाच्या खोलीतले कपाट उघडले. तो त्याच्या आधीच्या सप्टेंबरात शिक्षणासाठी जर्मनीला गेला होता आणि तेव्हापासून त्या कपाटाच्या वरच्या खणाला कोणी हात लावला नव्हता. रजयांसाठी जागा करताना मागे एक स्टीलचा डबा लागला, घट्ट झाकणाचा, एके काळी ज्यात चकल्या असत तसा. त्यात त्याच्या रिमोटवर उडणाऱ्या खेळण्यातल्या विमानांच्या सहा बॅटऱ्या होत्या.

पाच बॅटऱ्या लांबट साबणाच्या वडीसारख्या सपाट होत्या. सहावी फुगलेली होती. तिच्या कडा गोल झाल्या होत्या, वरचे निळे प्लास्टिकचे वेष्टण ताणून चकाकत होते आणि डब्यातून ती काढताना शेजारच्या दोघींना घट्ट चिकटून बसल्याचे जाणवले. मी ती हातात धरून क्षणभर उभी राहिले आणि मग मुलाला फोन लावला.

त्याने पहिली सूचना दिली ती अशी : "आई, दाबून बघू नकोस, आणि झाकण परत लावू नकोस." त्याने मला सगळ्या बॅटऱ्या बाल्कनीत फरशीवर एकमेकींपासून वीतभर अंतरावर ठेवायला लावल्या, फुगलेली सर्वांत लांब, आणि मग विचारले, "गरम लागते आहे का? गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येतो आहे का?" दोन्ही नव्हते. तेव्हा तो थोडा शांत झाला आणि म्हणाला, "सगळ्या फुल्ल चार्ज असणार. जायच्या आधीच्या रविवारी उडवायला जाणार होतो, रात्री चार्ज करून ठेवल्या आणि सकाळी पाऊस आला. मग बॅगा भरण्यात राहूनच गेले."

म्हणजे सप्टेंबरातल्या एका पावसाळी सकाळपासून मे महिन्यापर्यंत, आठ महिने, त्या काठोकाठ भरलेल्या अवस्थेत होत्या. त्यातले शेवटचे दोन महिने वरच्या खणात, पश्चिमेच्या भिंतीला लागून, पुण्याच्या उन्हाळ्यात. त्याच्या सांगण्यावरून मी खणातले तपासणीचे छोटे यंत्र, ज्याला ही मुले सेल चेकर म्हणतात, शोधून काढले आणि पांढऱ्या बारीक प्लगात एकेक बॅटरी लावून पाहिली. पाच बॅटऱ्यांचे सगळे सेल, म्हणजे आतले स्वतंत्र घट, ४.१५ ते ४.१७ व्होल्टवर होते. फुगलेलीचे दोन सेल ४.१४ वर आणि तिसरा ३.९७ वर होता. त्या तिसऱ्या सेलने आत कुठेतरी काहीतरी गमावले होते.

मी १९९१ पासून सत्तावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. डॅनियल सेल, कोरडा सेल, शिसे आणि गंधकाम्लाची बॅटरी, ऑक्सिडीकरण आणि क्षपण, हे सारे फळ्यावर किती वेळा काढले असेल याची मोजदाद नाही. त्याच १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली आणि मी निवृत्त झाल्याच्या पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, ती घडवणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. माझा अध्यापनाचा सगळा काळ या बॅटरीच्या तारुण्याचा काळ होता. तरीही ती घरात कशी ठेवावी, हा प्रश्न माझ्या मनात त्या डब्याचे झाकण उघडेपर्यंत आला नव्हता. त्यानंतरचे काही आठवडे मी याच एका विषयाचा अभ्यास केला. तो इतका मोलाचा वाटला, की ज्यांच्या घरात विमान, ड्रोन किंवा रिमोटची गाडी चालवणारे मूल आहे, त्यांच्यासाठी तो सविस्तर लिहावा असे ठरवले.

आपल्या पिढीची बॅटरीविषयीची समज इन्व्हर्टरने घडवली आहे. भारनियमनाच्या दिवसांत घरोघरी इन्व्हर्टर आले आणि त्यांच्यासोबत एक नियम आला : बॅटरी भरलेली ठेवा, उतरलेली पडून राहिली तर ती मरते. शिशाच्या बॅटरीसाठी हे अगदी बरोबर आहे, कारण ती अर्धवट उतरलेली राहिली की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांनी दुसरा नियम शिकवला : पूर्ण उतरवा, मगच भरा. लिथियमची बॅटरी हे दोन्ही नियम मोडते. तिला भरून ठेवलेले सोसत नाही आणि रिकामे ठेवलेले तर मुळीच सोसत नाही.

आकडे असे आहेत. खेळण्याच्या विमानांत वापरल्या जाणाऱ्या लिथियम-पॉलिमर, म्हणजे लायपो बॅटरीचा एक सेल नाममात्र ३.७ व्होल्टचा असतो. पूर्ण भरला की तो ४.२ व्होल्टवर जातो. ३ व्होल्टच्या खाली त्याला कधीही जाऊ द्यायचे नसते. वापरात नसताना त्याने राहायचे ते ३.८० ते ३.८५ व्होल्टच्या आसपास, म्हणजे साधारण निम्म्या भरावावर. आमच्या बॅटऱ्या तीन सेलच्या आहेत, तेव्हा पूर्ण भरल्यावर त्या १२.६ व्होल्टवर असतात आणि साठवणीसाठी त्यांना साडेअकराच्या जवळपास आणावे लागते.

हा आकडा मी जेव्हा नीट समजून घेतला, तेव्हा मला माझी आजी आठवली. धान्याचा डबा ती कधी तळापर्यंत खरवडू देत नसे, मूठभर तळाला ठेवूनच नवे भरायचे, आणि डाळ संपली असे न म्हणता डाळ वाढली असे म्हणायचे. तळाच्या त्या मुठीचा नियम या बॅटरीला तंतोतंत लागू आहे. सेल ३ व्होल्टच्या फार खाली गेला, की ऋण बाजूच्या तांब्याच्या पातळ पत्र्यातले तांबे द्रावात विरघळू लागते, आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबे भलत्या जागी जमून आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याची वाट मोकळी करते. म्हणूनच अगदी रिकामी झालेली बॅटरी चार्जरने नाकारली, तर तिला दुसऱ्या युक्तीने जागे करू नये. आजीचा दुसरा नियम मात्र इथे चालत नाही. भरलेली घागर शुभ, भरलेले घर शुभ, सणाच्या आदल्या रात्री सारे डबे काठोकाठ, ही आपली रीत आहे. ही एक वस्तू मात्र काठोकाठ ठेवली की आतून झिजते.

भरलेल्या बॅटरीचे आत काय होते, हे थोडे सांगायला हवे. धन बाजूला कोबाल्टचे, किंवा कोबाल्टसोबत निकेल व मँगॅनीज असलेले ऑक्साइड असते आणि ऋण बाजूला ग्राफाइट. चार्ज करणे म्हणजे ऑक्साइडच्या थरांतले लिथियम काढून ग्राफाइटच्या थरांत नेऊन बसवणे. मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट ही, की कोबाल्ट ऑक्साइडचा सेल पूर्ण भरला असे आपण ज्या ४.२ व्होल्टला म्हणतो, तेव्हाही त्या थरांतून साधारण निम्मेच लिथियम बाहेर आलेले असते. त्याहून जास्त ओढले तर थरांची रचनाच ढासळू लागते. म्हणजे पूर्ण हा शब्दच इथे एका सावध करारासारखा आहे. त्या कमाल मर्यादेवर बॅटरी दिवसेंदिवस राहिली, की धन बाजूवर आतला सेंद्रिय द्राव हळूहळू विघटित होतो, त्यातून वायू सुटतो आणि मऊ वेष्टणाला तो बाहेर ढकलतो. उष्णता या सगळ्याला वेग देते. आमची सहावी बॅटरी फुगली ती अशी, कोणी पाडली नाही, कोणी ठोकली नाही, केवळ भरलेली आणि उबेत राहिली म्हणून.

मोबाइलमध्येही लिथियमच आहे, मग त्याची एवढी काळजी का करावी लागत नाही, असे माझ्या बहिणीने विचारले. प्रश्न योग्य होता. मोबाइलच्या बॅटरीला एक छोटी संरक्षक पाटी जोडलेली असते, जी भरण्याची आणि उतरण्याची मर्यादा ओलांडू देत नाही. विमानाच्या बॅटरीत असा पहारेकरी नसतो. तिच्याकडून एकदम प्रचंड प्रवाह हवा असतो. आमच्या बॅटरीवर २२०० मिलिअँपिअर-तास आणि २५ सी असे छापले आहे, याचा अर्थ ती २.२ अँपिअरच्या पंचवीस पट, म्हणजे ५५ अँपिअरपर्यंत प्रवाह देऊ शकते, असे बनवणारा सांगतो. घरातल्या भिंतीवरचा मिक्सरचा सॉकेट ६ अँपिअरचा आणि गिझरचा १६ अँपिअरचा असतो, यावरून त्या वडीएवढ्या वस्तूतून केवढा प्रवाह निघू शकतो हे लक्षात यावे. तिला धातूचे कवचही नसते, वजन वाचावे म्हणून ॲल्युमिनियमच्या पातळ थराच्या पिशवीत सारे बंद केलेले असते. एका बॅटरीत सुमारे २४ वॉट-तास, म्हणजे साधारण ८८ हजार ज्यूल ऊर्जा मावते. पाव लिटरहून थोडे अधिक पाणी उकळायला तेवढी पुरते. आणि ही झाली फक्त विजेची ऊर्जा, आतला द्राव पेटला तर त्याची वेगळी.

तो पेटतो कसा, हे मी विद्यार्थ्यांना कधी शिकवले नाही, याची मला आज रुखरुख आहे. सेल काही कारणाने तापला, आतल्या शॉर्टने, बाहेरच्या माराने किंवा चुकीच्या चार्जिंगने, तर ८० ते १२० अंशांच्या दरम्यान ग्राफाइटवरचा संरक्षक थर तुटू लागतो आणि स्वतः उष्णता सोडतो. १३० अंशांच्या आसपास दोन बाजूंमधला पॉलिथिनचा पडदा वितळतो. हा पडदा माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. तो गेला की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात. २०० अंशांच्या सुमाराला धन बाजूचे ऑक्साइड स्वतःतला प्राणवायू सोडू लागते. इंधन आत, प्राणवायू आत, उष्णता आत. त्यामुळे नुसता हवा अडवणारा उपाय, म्हणजे गोधडी टाकणे किंवा वाळूने झाकणे, ही अभिक्रिया थांबवू शकत नाही. वाळू ज्वाळा आणि ठिणग्या आवरते, पण थंड करत नाही. थंड करते ते पाणी. लिथियम पाण्यात पेटते, हा शाळेतला प्रयोग सगळ्यांच्या लक्षात असतो, पण या बॅटरीत लिथियमचा धातू तुकड्याच्या रूपात नसतो, ते आयनांच्या रूपात थरांमध्ये बसलेले असते, म्हणून एवढ्या लहान बॅटरीवर भरपूर पाणी ओतणे योग्यच ठरते. मात्र धूर अतिशय विषारी असतो, त्यात हायड्रोजन फ्लोराइड आणि कार्बन मोनॉक्साइड असतात. तेव्हा बंद खोलीत हे घडले तर शौर्य दाखवू नये. माणसे बाहेर काढावीत, दार ओढून घ्यावे आणि १०१ ला फोन करावा.

आता त्या स्टीलच्या डब्याविषयी. मुलाने तो सुरक्षित म्हणून निवडला होता आणि मीही झाकण घट्ट असल्याचे पाहून आधी समाधानच मानले असते. स्टील जळत नाही, हे खरे. परंतु बिघडलेला सेल काही सेकंदांत बराच वायू सोडतो आणि घट्ट झाकणाचा डबा त्याला बाहेर जाऊ देत नाही. ज्या बाईने आयुष्यभर कुकर लावला आहे, तिला हे समजावून सांगावे लागत नाही. शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेला कुकर आपण चुलीवर चढवणार नाही. बोईंगच्या ७८७ विमानांतील लिथियम बॅटऱ्यांना आगीचे प्रकार घडल्यावर जानेवारी २०१३ मध्ये जगभरातली ती विमाने जमिनीवर थांबवली गेली. काही महिन्यांनी ती पुन्हा उडाली, तेव्हा केलेल्या बदलांमध्ये बॅटरीभोवती पोलादी पेटी होती आणि त्या पेटीतून वायू विमानाबाहेर सोडणारी नळी होती. पेटी आणि वाट, दोन्ही. माझ्या बाल्कनीतल्या व्यवस्थेला हाच धडा पुरला.

जागा ठरवताना मी घर प्रथमच या नजरेने फिरून पाहिले आणि सांगायला हवे, की आपल्या घरांत अशा वस्तूला जागा सापडणे फार कठीण आहे. जिथे आपण सहज वस्तू ठेवतो, त्या बहुतेक जागा अयोग्य निघाल्या. दिवाणाच्या खणात गाद्या आणि गोधड्या असतात, आणि वर माणूस झोपतो. माळा स्लॅबला लागून असतो, मे महिन्यात तिथे हात ठेववत नाही. देवघरात समई. स्वयंपाकघरात गॅस. ड्राय बाल्कनीत धुण्याचे यंत्र आणि भरलेला जादा सिलिंडर. दारामागच्या पॅसेजमध्ये चपलांच्या रॅकजवळ जागा होती, फरशीही होती, पण तीच घरातून बाहेर पडायची एकमेव वाट आहे, आणि आग लागू शकणारी वस्तू सुटकेच्या वाटेवर कधीही ठेवू नये. हेच जिन्याच्या कोपऱ्याबाबत खरे आहे, तिथे तर सगळ्या मजल्यांची वाट अडते. वापरात नसलेल्या न्हाणीघराचा विचार आला, तिथे टाइल्स आहेत, पाणी हाताशी आहे, परंतु दमटपणामुळे पिना आणि प्लग गंजले असते. फ्रिजमध्ये ठेवावे असे काही जण सुचवतात. थंडीत झीज कमी होते हे खरे, पण पावसाळ्यात बाहेर काढताच त्यावर दव जमेल, आणि जिथे दूध-भाजी ठेवतो त्या बंद कपाटात ही वस्तू ठेवणे मला पटले नाही.

शेवटी उत्तरेची बाल्कनी निवडली. तिला थेट ऊन लागत नाही आणि पुण्यातला पाऊस बहुतांशी पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे तिथला आतला कोपरा कोरडा राहतो. त्या कोपऱ्यात जमिनीपासून हातभर उंचीवर कडाप्प्याची एक फळी आहे, जिच्यावर पूर्वी कुंड्या असत. वरची कपडे वाळत घालायची दोरी काढून दुसरीकडे बांधली, प्लास्टिकच्या खुर्च्या हलवल्या. शेजारच्या घरातल्या दुरुस्तीतून उरलेले सिपोरेक्सचे चार इंची ब्लॉक मागून आणले. हा ब्लॉक हलका असतो, उष्णता सहजी जाऊ देत नाही, आणि विशेष म्हणजे साध्या करवतीने कापता येतो. त्याची चौकोनी पेटी रचून आत पातळ तुकड्यांचे कप्पे केले, एका कप्प्यात एकच बॅटरी, कारण एकीचा ताप दुसरीला लागला की सगळ्यांचे एकदम होते. प्रत्येक बॅटरी काचतंतूंच्या पिशवीत, जिला दुकानदार लायपो बॅग म्हणतात. एकटी ती पिशवी ज्वाळा पूर्ण अडवत नाही, ती केवळ एक जादा थर आहे. वर कडाप्प्याचा एक तुकडा, पण चारही बाजूंनी बंद न होता, एका बाजूला बोट जाईल एवढी फट ठेवून. वायू जाईल, ठिणगी सहसा जाणार नाही. बाल्कनीला लागून असलेल्या खोलीच्या छताला सेलवर चालणारा धूर-सूचक लावला. आपल्याकडे घरात तो क्वचितच असतो आणि असायला हवा, लिथियमच्या वस्तू आता कितीतरी घरांत एक-दोन नव्हे तर दहा-बारा आहेत.

बाल्कनीतल्या व्यवस्थेत एक त्रुटी राहते, ती दिवाळीची. भरकटलेला बाण कोणत्याही मजल्यावर शिरू शकतो. म्हणून त्या चार रात्री पेटीची फट असलेली बाजू भिंतीकडे वळवते आणि पाण्याची भरलेली बादली तिथेच ठेवते.

पाच चांगल्या बॅटऱ्यांना निम्म्यावर आणणे हे पुढचे काम होते. चार्जरवर यासाठी स्टोरेज नावाची वेगळी सोय असते, ती निवडली की भरलेली बॅटरी हळूहळू उतरवून आणि उतरलेली थोडी भरून चार्जर सर्व सेल योग्य आकड्यावर आणून थांबतो. मुख्य पिवळा प्लग आणि सेल सारखे ठेवणारा पांढरा प्लग, दोन्ही जोडावे लागतात. लहान चार्जर उतरवण्याचे काम फार सावकाश करतात, आमच्या चार्जरला प्रत्येकीसाठी दोन-अडीच तास लागले. दोन दिवस मी बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. चार्जिंग असो वा डिस्चार्जिंग, बॅटरी जोडून घराबाहेर जायचे नाही आणि झोपायचे नाही, हा मुलाचा नियम मी त्याच्याहून कडकपणे पाळते. बहुतेक अपघात कपाटात नव्हे, तर चार्जरला जोडलेल्या अवस्थेत होतात, आणि सेलची संख्या चुकीची निवडणे हे त्याचे एक कारण असते.

फुगलेलीचे काय करायचे, हा सर्वांत अवघड भाग होता. घराजवळच्या एका दुकानात विचारले, तर "टाकून द्या कचऱ्यात" असे उत्तर मिळाले. मला ते ऐकून राग आला, आणि त्याचे कारण आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताई आहेत. पुण्यात स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते आणि सुका कचरा माणसे हाताने वेगळा करतात. मी त्यांना ती बॅटरी लांबून दाखवली. त्या म्हणाल्या, "अशा चंदेरी पिशव्या शेडवर कधीकधी दिसतात हो मॅडम. आम्हाला वाटायचं मोबाइलचं काहीतरी असेल. तांबं निघतं का म्हणून कोणी कापून पण बघतं." कापून पाहतात, हे ऐकल्यावर मला पुढे काही बोलवेना. भरलेल्या सेलला विळीचे पाते लागले तर त्यातले सारे थर एका क्षणात एकमेकांना चिकटतात. त्यांना मी तेवढे सांगितले, आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीतल्या घरांनाही सांगते, की अशी वस्तू सुक्या कचऱ्यात जाता कामा नये. आपल्या देशात २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम लागू आहेत आणि जुनी बॅटरी परत घेऊन तिचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकलेली आहे. नियम कागदावरून त्या शेडपर्यंत पोहोचेपर्यंत निदान आपण आपल्या दारातून ती धोक्याची वस्तू त्या हातांत देऊ नये.

ती देण्याआधी तिच्यातली ऊर्जा काढायला हवी होती. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याचा उपाय पुष्कळ जण सांगतात. मी रसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून तो नाकारला, कारण त्यात आधी प्लग आणि तारा गंजून तुटतात आणि सेलमध्ये ऊर्जा अडकून राहण्याची शक्यता उरते, वरून मात्र काम झाले असे वाटते. मुलगा व्हिडिओवर पाहत असताना आम्ही गच्चीवर गेलो. बॅटरी मातीच्या कुंडीत ठेवली, पाण्याची बादली शेजारी घेतली, आणि दुचाकीच्या पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट, ५ वॉटचा बल्ब तिला जोडला. बॅटरी तापलेली किंवा फाटलेली असती, वास येत असता, तर हेही केले नसते. तिला मोकळ्यावर ठेवून लांब राहिलो असतो. एवढ्या लहान बल्बाला बॅटरी रिकामी करायला पाच तासांहून जास्त लागतात, आणि ते सावकाश होणेच हिताचे असते.

दुपारी चार वाजता तो बल्ब पांढरट पिवळा होता. मी आणि यजमान आळीपाळीने कठड्याशी बसलो, चार हात अंतरावर. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी शेजारच्या इमारतींतून दिवे लागत होते आणि आमचा बल्ब हळूहळू तांबूस होत चालला होता. रात्री साडेनऊच्या सुमारास नुसती तार लाल दिसत होती. त्या मुलाने आठवीत सनबोर्डाचे पहिले विमान केले होते तेव्हापासूनची कितीतरी उड्डाणे मला तिथे बसून आठवली. यातली काही याच बॅटरीवर झाली असतील. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बल्ब तसाच जोडलेला ठेवला आणि मग एकेक तार वेगवेगळी कापली. दोन्ही एकदम कात्रीत धरल्या, तर कात्रीच त्यांना जोडते. टोकांना चिकटपट्टी लावली आणि अधिकृत ई-कचरा केंद्रावर नेऊन हातोहात दिली, फुगलेली आहे असे सांगून आणि वर तसे लिहून.

आता पाच उरल्या आहेत. दर दोन महिन्यांनी मी त्या सेल चेकरने पाहते आणि आकडे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहिते, सिलिंडर लावल्याच्या तारखेच्या खाली. लायपो स्वतःहून फार थोडी उतरते, त्यामुळे आकड्यांत फरक पडतो तो दोन-तीन शतांशांचा. चेकर मात्र काम झाल्यावर लगेच काढायचा, तो लावून ठेवला तर तोच हळूहळू बॅटरी पिऊन टाकतो. पावसाळ्यात प्लगच्या पिनांवर हिरवट थर येत नाही ना, हेही पाहते.

डिसेंबरात मुलगा तीन आठवड्यांसाठी आला. परत जाताना दोन बॅटऱ्या सोबत न्याव्यात असे त्याच्या मनात होते. १०० वॉट-तासांच्या आतल्या असल्याने हातातल्या सामानातून, टोके झाकून, त्या नेता येतात, चेक-इनच्या बॅगेतून मात्र कधीही नाही. पण तिथल्या खोलीत त्या ठेवायला जागा नाही, असे म्हणून त्याने तो बेत स्वतःच सोडला. एका शनिवारी रात्री त्याने तीन बॅटऱ्या चार्ज केल्या. रविवारी सकाळी आम्ही तिघे गावाबाहेरच्या माळावर गेलो, स्वच्छ ऊन होते, वारा कमी होता. दोन बॅटऱ्यांवर त्याने मनसोक्त विमान उडवले. तिसरी लावण्याआधी जमिनीवर उतरताना विमानाचे चाक मोडले आणि आम्ही घरी आलो.

रात्री जेवणे झाल्यावर मी अंथरुणे घालत होते. बाल्कनीच्या दाराशी दिवा दिसला म्हणून पाहिले, तर तो खुर्ची टाकून बसला होता. समोर फरशीवर चार्जर, त्याला ती तिसरी, न वापरलेली बॅटरी जोडलेली. दुसऱ्या दिवशी त्याला लवकर उठायचे होते. मी म्हटले, "तू झोप, मी बसते." तो म्हणाला, "नको आई, थोडेच राहिले आहे." मग मीही दुसरी खुर्ची आणली. पडद्यावर आकडा ३.९१ होता. पावणेबाराला तो ३.८२ वर आला, चार्जरने बारीक शिट्टी दिली, आणि त्याने आधी पांढरा, मग पिवळा प्लग काढून बॅटरी तिच्या कप्प्यात ठेवली.